विश्लेषण : ‘बाबा गेले’ हे दुसऱ्या भाषेत कसे सांगायचे? मृत्यूवाचक शब्दांचे भाषांतर का अडखळते?

पुण्याहून पॅरिसला मध्यरात्री संदेश जातो, ‘बाबा गेले’. मराठी येणाऱ्या मुलाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. पण तिकडेच वाढलेल्या नातीने तोच संदेश मोबाइलवर भाषांतरित केला, तर आजोबा कुठेतरी बाहेर गेले, असाही अर्थ निघू शकतो. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली. आज ते घरोघरी वापरले जाते. तरीही मृत्यूची बातमी सांगताना नेमका गोंधळ का होतो?

‘मेले’ का म्हणत नाहीत?

आपल्या माणसाबद्दल ‘मरणे’ हे क्रियापद मराठीत सहसा वापरले जात नाही. ‘मेल्या’ ही तर शिवीच आहे. घरातला माणूस ‘जातो’ किंवा ‘वारतो’. बातमीत त्याचे ‘निधन’ होते. रुग्ण ‘दगावतो’. रोजच्या बोलण्यात ‘एक्स्पायर झाले’, ‘ऑफ झाले’ हेही रुळले आहे.

‘जाणे’ या क्रियापदाला मृत्यू इतका चिकटलेला आहे, की घरातून निघतानाही ‘जातो’ म्हटलेले मोठ्यांना चालत नाही. ‘येतो म्हणावं’, असे लगेच सांगितले जाते.

नावाआधीचे एक अक्षर काय सांगते?

‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. पहिल्या शब्दात शिवाचे स्थान आहे, दुसऱ्यात विष्णूचे. वारकरी घरांत ‘वै.’ आवर्जून लिहिले जाते. मुस्लीम व्यक्तीसाठी ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती व्यक्तीसाठी ‘ख्रिस्तवासी’ आणि बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ असे शब्द येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासाठी ६ डिसेंबर १९५६ च्या संदर्भात ‘महापरिनिर्वाण’ म्हटले जाते, तर ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला ‘संजीवन समाधी’ घेतली, असे सांगितले जाते.

इंग्रजीत यांतल्या बहुतेकांसाठी ‘लेट’ हा एकच शब्द पुढे येतो. त्यातून माणूस हयात नाही एवढे कळते, त्याच्या घरची श्रद्धा मात्र गळून पडते. उलट दिशेनेही असेच घडते. ‘आरआयपी’ ही अक्षरे ख्रिस्ती प्रार्थनेतून आली आहेत. त्यांचे ‘आत्म्यास शांती लाभो’ असे सरसकट मराठीकरण केले, तर ते बौद्ध कुटुंबासाठी विसंगत ठरते, कारण बौद्ध विचारात नित्य आत्मा मानलेला नाही. तिथे ‘आदरांजली’ हा शब्द योग्य ठरतो.

फ्रेंचमध्ये काय होते?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांनाही हा प्रश्न पडू शकतो. इंग्रजीतल्या ‘पास्ड अवे’चे शब्दशः ‘इल ए पासे’ केले, तर त्याचा सर्वसाधारण अर्थ ‘ते येऊन गेले’ असा होतो. ‘इल ए पार्ती’ म्हणजे ‘ते निघाले’. त्यातून मृत्यू संदर्भानेच कळतो. म्हणून सौम्यपणे सांगायचे तर फ्रेंच माणूस ‘ते आम्हाला सोडून गेले’ अशा अर्थाचे वाक्य वापरतो. आपल्या ‘बाबा गेले’च्या जवळ जाणारे वाक्य हेच.

काही जोड्या मात्र छान जुळतात. ‘प्राणज्योत मालवली’ यासाठी फ्रेंचमध्ये ‘विझणे’ या अर्थाचे क्रियापद आहे आणि तेही मृत्यूसाठी सर्रास वापरले जाते. याउलट ‘दिस्पारु’ या शब्दाशी जपून वागावे लागते. त्याचा अर्थ ‘दिवंगत’ही होतो आणि ‘बेपत्ता’ही.

आणखी एक गोष्ट हातातून निसटते. ‘गेले’ या आदरार्थी बहुवचनातच वडिलांविषयीचा मान आहे. फ्रेंच किंवा इंग्रजीत तिसऱ्या व्यक्तीसाठी असे आदरार्थी क्रियापद नाही. तो मान शब्दांच्या निवडीतून भरून काढावा लागतो.

पुण्यातले ‘वैकुंठ’ कुठे आहे?

‘अंत्यसंस्कार सकाळी ११ वाजता वैकुंठ येथे’ हा निरोप पुणेकराला लगेच कळतो. नवी पेठेतली ती स्मशानभूमी. शब्दशः भाषांतर केले, तर अंत्यसंस्कार थेट स्वर्गातच होतील! इथे ‘वैकुंठ’ हे नाव तसेच ठेवून पुढे ‘स्मशानभूमी, नवी पेठ’ असे जोडणे हाच मार्ग.

हा पेच साहित्यातही दिसतो. सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ हे नाटक १९७४ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. चाळीतला साधा भाऊराव मरतो आणि आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे म्हणून अडून बसतो. सामान्य माणसाच्या मरणाला एवढा भारदस्त शब्द, ही शीर्षकातली गंमत. गौरी देशपांडे यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘द ड्रेड डिपार्चर’ आहे. त्यात ‘निर्वाण’ नाही, पण प्रयाणाचा थाट आहे.

सौम्य शब्द कुठे टाळावा?

कागदपत्रांत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि दाखल्यावर ‘मृत्यू’ हाच शब्द असतो. वारस नोंदीत ‘मयत’ लिहितात. परदेशातील विमा कंपनी, बँक किंवा वकिलातीसाठी भाषांतर करून घेताना ‘देवाज्ञा झाली’ची सजावट नको. फ्रेंच कागदपत्रांत यासाठी ‘देसे’ हा शब्द असतो. गंमत अशी, की त्याचे लॅटिन मूळही ‘निघून जाणे’ असेच आहे. एकेकाळचा सौम्य शब्द वापरून वापरून सरकारी झाला.

रुग्णालयाच्या दारातही स्पष्टता हवी. ‘सीरियस आहेत, लगेच निघा’ असे सांगून नातेवाइकांना बोलावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण दूरदेशी असलेला माणूस त्यावर आशा धरून विमानात बसतो. लहान मुलांचेही तसेच. ‘आजोबा झोपलेत’ म्हटले, की मूल झोपायला घाबरू शकते. ‘देवाघरी गेले’ म्हटले, की ‘परत कधी येणार?’ असे विचारते.

म्हणून परक्या भाषेत निरोप पाठवताना आधी एक साधे, स्पष्ट वाक्य लिहावे : बाबांचे निधन झाले, कधी आणि कुठे. त्याखाली, मराठीतच, ‘बाबा गेले’. पहिले वाक्य नातीला कळेल, दुसरे तिच्या वडिलांना.