वाळवंटातील विहिरींची वाट : ऑस्ट्रेलियाचा कॅनिंग गुरेमार्ग

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर उत्तरेला हॉल्स क्रीक आणि दक्षिणेला विलुना ही दोन लहान गावे आहेत. या दोन गावांना जोडणारी एक बारीक, वाकडीतिकडी रेघ वाळवंटातून गेलेली दिसते. तिची लांबी सुमारे १,८५० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गापेक्षा ती बरीच अधिक आहे. 'कॅनिंग स्टॉक रूट' या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी गुरांचे कळप पायी हाकत नेण्यासाठी आखण्यात आला. वाटेत मोठे गाव नाही, बारमाही नदी नाही. ९००हून अधिक वाळूच्या टेकड्या मात्र आहेत. सपाट प्रदेशातून जाणारी वाट सरळ असावयास हवी होती. ती तशी नाही, कारण ती एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्याकडे जाते. हे पाणवठे मार्ग आखणाऱ्यांना कसे सापडले, हा या मार्गाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फारसे सुखद नाही.

मार्गाची गरज निर्माण झाली ती गोमांसाच्या बाजारपेठेतून आणि एका किड्यामुळे. पर्थ शहर आणि दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींचा प्रदेश यांना मांसाचा पुरवठा उत्तरेकडील किंबर्ली भागातून समुद्रमार्गे होत असे. पूर्व किंबर्लीतील गुरांमध्ये गोचिडांचा आणि गोचीड-तापाचा प्रादुर्भाव झाल्यावर तेथील गुरे बोटीने दक्षिणेकडे पाठविण्यावर बंदी घालण्यात आली. त्यामुळे पश्चिम किंबर्लीच्या पशुपालकांची बाजारपेठेवर जवळजवळ मक्तेदारी झाली. १९०५ साली जेम्स इस्डेल या लोकप्रतिनिधीने असा प्रस्ताव मांडला की, गुरे वाळवंटातून पायी आणावीत. कोरड्या हवेत गोचीड जगणार नाहीत व गुरे निरोगी होऊन पोहोचतील. सरकारने हे काम आल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाकडे सोपविले. सशांचा उपद्रव रोखण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात उभारलेल्या शेकडो मैल लांबीच्या कुंपणाची आखणी त्यानेच केली होती.

त्यापूर्वी या वाळवंटात शिरलेल्यांचा अनुभव उत्साह वाढविणारा नव्हता. १८९६ साली निघालेल्या कॅल्व्हर्ट मोहिमेतील दोन जण तहानेने मरण पावले. त्याच सुमारास हा प्रदेश ओलांडणाऱ्या डेव्हिड कार्नेगी याने येथून गुरे नेणे अशक्य असल्याचा निष्कर्ष काढला. फ्रँक हॅन या प्रवाशाची कथा तर सरोवराच्या नावातच उरली. १८९७ साली आतल्या दिशेने वाहणारे ओढे पाहून, ते गोड्या पाण्याच्या तळ्याला मिळत असतील या आशेने तो त्यांच्या काठाने गेला आणि शेवटी मिठाने माखलेल्या विस्तीर्ण पात्रापाशी पोहोचला. त्याने त्याला 'लेक डिसअपॉइंटमेंट', म्हणजे निराशेचे सरोवर, असे नाव दिले. २०२० साली हे नाव बदलून मार्टू लोकांच्या भाषेतील 'कुम्पुपिन्टिल' हे नाव अधिकृत करण्यात आले.

वाळवंटात पाणी नाही, ही समजूत मात्र खरी नव्हती. येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस अनियमित असतो आणि बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट होते, हे खरे. परंतु पाऊस पडतो तेव्हा तो मुसळधार असतो आणि त्यातील काही पाणी वाळूत लगेच मुरते. खाली चिकणमातीचा किंवा खडकाचा थर असल्यास ते तेथे अडते व वरच्या वाळूमुळे उन्हापासून सुरक्षित राहते. अतिप्राचीन काळी या प्रदेशातून नद्या वाहत असत. त्यांची पात्रे गाळाने भरून गेली तरी त्या गाळात पाणी टिकून आहे. आज दिसणाऱ्या खाऱ्या सरोवरांच्या रांगा या लुप्त नद्यांच्याच खुणा होत. सरोवराच्या जवळ गेल्यास पाणी खारे लागते आणि थोडे वर, बाजूला गेल्यास गोडे. त्यामुळे अंतर थोडेसे चुकले तरी विहीर निरुपयोगी ठरू शकते.

हे ज्ञान येथील आदिवासींकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करतात, तसेच खड्डे ते करीत. पावसानंतर काही काळच पाणी देणारे झिरे वेगळे आणि दुष्काळातही न आटणारे वेगळे; दोहोंना वेगवेगळी नावे आहेत. न आटणाऱ्या पाण्याला वालमाजारी भाषेत 'जिला' म्हणतात. त्याचा अर्थ 'जिवंत पाणी' असा सांगितला जातो. आपल्याकडे विहिरीला 'जिवंत झरा' लागला असे म्हणतात, त्याची येथे आठवण होते. प्रत्येक जिलामध्ये पाऊस आणणाऱ्या सर्परूपी पूर्वजाचा वास असतो आणि परक्याने तेथे न सांगता जाऊ नये, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेचा व्यावहारिक परिणाम उघड आहे. पाण्याची साफसफाई होत असे, त्यावर हक्क आणि जबाबदारी कोणाची हे ठरलेले असे आणि पाणी उगाच उपसले जात नसे.

कॅनिंग १९०६ साली आठ जणांची तुकडी, २३ उंट आणि दोन घोडे घेऊन विलुनाहून निघाला व पुढच्या वर्षाच्या प्रारंभी हॉल्स क्रीकला पोहोचला. पाणी शोधण्याची त्याची पद्धत सोपी होती. वाटेत भेटणाऱ्या आदिवासींना पकडावयाचे, त्यांनी पळून जाऊ नये म्हणून साखळदंडाने बांधावयाचे आणि पाणवठ्यापर्यंत वाट दाखविण्यास भाग पाडावयाचे. कार्नेगीनेही त्याच्या आधी हेच केले होते. बंदिवानाला तहान लागावी म्हणून खारवलेले मांस खाऊ घातल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. कॅनिंगच्या तुकडीतील आचारी एडवर्ड ब्लेक याने परतल्यावर या वागणुकीविरुद्ध तक्रार केली आणि १९०८ साली शाही आयोग नेमण्यात आला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही. आयोगाने तरीही त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच वर्षी विहिरी खोदण्याचे काम त्याच्याकडेच देण्यात आले. पगारी आचाऱ्याने एवढे धाडस दाखवावे आणि त्याची दखल एवढ्यावरच थांबावी, ही त्या काळच्या कारभाराची कल्पना देणारी गोष्ट आहे.

बांधकामाच्या मोहिमेत सुमारे ३० माणसे आणि ७० उंट होते. दूध व मांस यांसाठी शेळ्यांचा कळप बरोबर हाकत नेण्यात आला. १९१० पर्यंत ४८ विहिरी तयार झाल्या. मार्गावरील पाणवठ्यांना दक्षिणेकडून १ ते ५१ असे क्रमांक देण्यात आले. उरलेले काही पाणवठे पूर्वीपासूनचे होते. काही विहिरी उथळ होत्या, तर पाचव्या क्रमांकाची विहीर ३० मीटरहून अधिक खोल गेली. वाळू ढासळू नये म्हणून विहिरींना आतून लाकडाचे अस्तर लावण्यात आले. पाणी उपसण्याची रीत मराठी वाचकांना परकी वाटणार नाही : विहिरीच्या काठावर तिरपा खांब, त्यावर चाक, चाकावरून गेलेला दोर आणि तो ओढणारा उंट किंवा घोडा. आपल्या मोटेचेच हे रूप म्हणावयास हवे. वर आलेले पाणी लांब डोणीत ओतले जाई. सुमारे ८०० गुरांचा कळप गृहीत धरून हे काम झाले होते. एका जनावरास दिवसाला ४०-५० लिटर पाणी धरले तरी हा हिशेब ३२ हजार लिटरच्या पुढे जातो. ते सारे बादलीने उपसावयाचे आणि पहाटे पुन्हा चालू लागावयाचे.

बहुतेक विहिरी आदिवासींच्या पाणवठ्यांवर किंवा त्यांच्या अगदी शेजारी खोदण्यात आल्या. हाताने पाणी काढता येत असलेल्या झिऱ्याच्या जागी आता खोल, लाकडी भिंतींचा चौकोनी खड्डा आला. जड बादली वर ओढण्यास उंट लागे आणि तो आदिवासींकडे नव्हता. गुरांच्या कळपांनी आसपासचे गवत संपविले. विहिरींच्या लाकूडसामानाची आणि बादल्यांची मोडतोड होऊ लागली. तत्कालीन वृत्तांतात तिला निव्वळ नासधूस म्हटले आहे. आज तिचा अर्थ वेगळा लावला जातो.

रक्तपातही झाला. सर्वेक्षणाच्या वेळी, १९०७ साली, मायकेल टोबिन हा तुकडीतील सदस्य भाल्याने मारला गेला. त्याने झाडलेल्या गोळीने भाला फेकणाराही ठार झाला. १९११ साली गुरे घेऊन निघालेल्या पहिल्या व्यापारी तुकडीतील थॉमसन आणि शूस्मिथ हे दोघे आणि त्यांच्याबरोबरचा एक आदिवासी गुराखी ३७ व्या विहिरीपाशी मारले गेले. मागून आलेल्या टॉम कोल याला त्यांचे मृतदेह सापडले. त्यानंतर पाठविण्यात आलेल्या पोलीस तुकडीने किमान दहा आदिवासींना ठार केले. गोऱ्या गुराख्यांची नावे इतिहासात आहेत. त्या दहा जणांची सापडत नाहीत.

एवढे करून मार्गाचा उपयोग किती झाला? १९११ ते १९३१ या वीस वर्षांत अवघे आठ कळप येथून गेले. गोमांसाच्या वाढत्या दरांमुळे १९२९ साली दुरुस्तीचे काम विल्यम स्नेल याच्याकडे देण्यात आले. ते त्याच्याकडून पूर्ण झाले नाही, तेव्हा सत्तरीला आलेल्या कॅनिंगला निवृत्तीतून बोलाविण्यात आले आणि त्याने ते तडीस नेले. दुसऱ्या महायुद्धात, जपानी आक्रमण झाल्यास किंबर्लीतील गुरे हलविता यावीत म्हणून विहिरींची पुन्हा डागडुजी झाली. पुढे रस्ते आणि ट्रक आले. शेवटचा कळप १९५९ साली गेला.

ऑस्ट्रेलियातील सर्वच गुरेमार्ग असे हाताने उपसलेल्या पाण्यावर चालत नव्हते. खंडाच्या पूर्व-मध्य भागात क्वीन्सलँडमधील बर्ड्सव्हिल ते दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी हा ५१७ किलोमीटरचा मार्ग तुलनेसाठी घेण्यासारखा आहे. तेथे जमिनीखाली 'ग्रेट आर्टेशियन बेसिन' हा सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला भूजलसाठा आहे. पूर्वेकडील डोंगरउतारांवर पडलेले पावसाचे पाणी सच्छिद्र खडकात शिरते आणि दोन अभेद्य थरांमध्ये दाबाखाली कोंडून पश्चिमेकडे सरकते. ही गती इतकी मंद आहे की, काही ठिकाणचे पाणी दहा लाख वर्षांहून जुने आहे. वरून छिद्र पाडले की ते स्वतःच्या दाबाने उसळून वर येते. मोट लागत नाही. अडचण असते ती उष्णतेची. बर्ड्सव्हिलच्या एक किलोमीटरहून अधिक खोल विंधणविहिरीतून सुमारे ९८ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी येते. त्यामुळे असे पाणी उघड्या चरांतून दूरवर सोडून, निवल्यावर गुरांना पाजले जाई. या चरांतून बहुतांश पाणी वाफ होऊन किंवा झिरपून वाया जात असे आणि भूजलाचा दाब घटत गेला. १९९९ ते २०१७ या काळात सरकारी योजनेतून शेकडो विंधणविहिरींना झडपा बसविण्यात आल्या व चरांऐवजी नळ टाकण्यात आले.

या दोन्ही मार्गांचा भारताशी एक खरा संबंध आहे आणि तो उंटांचा. १८६० साली बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स याने तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातून २४ उंट नेले. त्यानंतर कराची बंदरातून हजारो उंट गेले. त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान आणि अफगाणिस्तान येथील उंटवाले गेले. ऑस्ट्रेलियात त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हटले गेले. मरी येथे त्यांची वस्ती व मशीद होती. कॅल्व्हर्ट मोहिमेतील उंट सांभाळणारा बेजा दरवेश हा बलुचिस्तानचा होता. मोटारी आल्यावर उंटांचे काम संपले आणि ते रानात सोडून देण्यात आले. त्यांची संख्या इतकी वाढली की, २००९ ते २०१३ दरम्यानच्या मोहिमेत सुमारे १ लाख ६० हजार उंट कमी करावे लागले. तहानलेले उंट खडकातील कुंडांत आणि झिऱ्यांत उतरतात, कधी तेथेच मरून पडतात आणि पाणी नासते. ज्या प्राण्याच्या पाठीवर या विहिरींचे सामान आले, तोच आता आदिवासींच्या पाणवठ्यांना धोकादायक ठरला आहे.

१९६८ साली सरकारी सर्वेक्षकांच्या तुकडीने हा संपूर्ण मार्ग प्रथमच मोटारीने पार केला. त्यानंतर तो धाडसी प्रवाशांचा मार्ग झाला. साधारणपणे मे ते सप्टेंबर या थंड महिन्यांत, चार चाकांवर जोर देणाऱ्या गाड्यांतून, दोन ते तीन आठवड्यांत हा प्रवास केला जातो. इंधन ३३ व्या विहिरीजवळच्या कुनावारित्जी या वस्तीवर मिळू शकते. १९८३ साली २६ व्या विहिरीची पुनर्बांधणी करण्यात आली आणि नंतर आणखी काही विहिरी दुरुस्त झाल्या. पुष्कळ विहिरी मात्र ढासळलेल्या किंवा वाळूने भरलेल्या आहेत. नकाशावर विहीर दिसली म्हणून तेथे पिण्यायोग्य पाणी असेलच असे नाही. त्यामुळे पाणी सोबत बाळगणे अत्यावश्यक आहे.

परवानगीही आवश्यक आहे. मार्टू लोकांचा भूमीवरील पारंपरिक हक्क २००२ साली आणि उत्तरेकडील न्गुरारा समूहाचा २००७ साली न्यायालयाने मान्य केला. न्गुरारांच्या दाव्याचा पुरावा काय होता, हे जाणण्यासारखे आहे. १९९७ साली त्यांच्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी एकत्र बसून सुमारे आठ मीटर बाय दहा मीटरच्या कापडावर आपला प्रदेश रंगविला. त्यात प्रत्येकाने आपापल्या पाणवठ्याची जागा दाखविली आणि त्यावर उभे राहून लवादापुढे साक्ष दिली. २०१० साली कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात 'यिवारा कुजू', म्हणजे 'एक वाट', या प्रदर्शनात या मार्गाचा इतिहास आदिवासींच्या चित्रांतून आणि कथनांतून मांडण्यात आला. या वाटेला छेदून जाणाऱ्या कथांपैकी एक सात बहिणींची आहे. त्या बहिणी पुरुषाच्या पाठलागातून निसटत पाणवठ्यामागून पाणवठे ओलांडतात आणि शेवटी आकाशात जातात. ज्या तारकापुंजात त्या आज दिसतात, त्याला आपण कृत्तिका म्हणतो.

मार्गाचे काही टप्पे पारंपरिक मालकांच्या निर्णयानुसार वेळोवेळी प्रवाशांसाठी बंद ठेवले जातात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट. पाणवठ्यापासून दूर मुक्काम करावा आणि साबण पाण्यात मिसळू देऊ नये, अशा सूचना प्रवाशांना दिल्या जातात. मार्टू रक्षकांच्या तुकड्या थंडीच्या दिवसांत जुन्या झिऱ्यांपर्यंत जातात. तेथील गाळ आणि मेलेल्या जनावरांचे अवशेष काढतात आणि पाणी पुन्हा वर येईपर्यंत वाट पाहतात. बरोबर आलेल्या मुलांना त्या पाण्याचे नाव सांगितले जाते.