राजीची एक उडी

विदर्भात अर्जुनी-मोरगावकडे दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रात्रभर नाटक बघणाऱ्याला ठाऊक असतं: जो पडदा ओढतो तोच पुढच्या अंकात शिपाई होऊन येतो. छोटी गेम कंपनीही अशीच चालते, माणसं मोजकी आणि कामं ढीगभर. पुण्याची नोडिंग हेड्स गेम्स त्यातलीच. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक, आणि 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा त्यांचा खेळ.

राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघते. आपण बटण दाबतो, ती उडी मारते. आत काय होतं? पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं येतात असं धरा. म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात यंत्र बघतं, बटण दाबलंय का. राजीला किंचित वर सरकवतं. तिच्याभोवतीचा अदृश्य डबा भिंतीला टेकला का ते तपासतं. आणि सगळं चित्र नव्यानं काढतं. एखाद्या गेममध्ये पात्राचा हात भिंतीत घुसलेला दिसला, तर बहुतेक वेळा तो डबा मापात बसलेला नसतो. खेळातले महालही एकदम नक्षीदार होत नाहीत. आधी नुसते करडे ठोकळे मांडायचे, उडी पोचते का बघायचं, मगच रंग. उलट केलं की मेहनत पाण्यात.

गोष्टीचे प्रसंग छायाबाहुल्यांसारखे दाखवलेत. कोकणातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. शोभेपेक्षाही हा काटकसरीचा शहाणपणा असावा, असं मला वाटतं.

कारण पैसा नव्हता. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. तिथला नियम कडक: ठरलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही मिळत नाही. आकडा गाठला गेला नाही. पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ आधी जपानी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन होतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

लढाया मला जरा एकसुरी वाटल्या. पण खेळायला घेतलात तर भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबा. दुर्गा आणि विष्णू यांचं बोलणं तिथेही ऐकू येतं.