जुहूतला जुना फ्लॅट, बँकेचं कर्ज आणि मधले कागद

‘बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद स्वच्छच असणार.’ घर घेणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेचे पैसे वसूल होतील का, एवढंच पाहायला. त्याचा अहवाल बँकेचा असतो आणि बहुतेक वेळा तो आपल्या हातातही पडत नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींमध्ये महापालिकेच्या खोट्या परवानग्या वापरून महारेराची नोंदणी मिळवली गेली, लोकांना गृहकर्जंही मिळाली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायला सांगितलं. इमारत बेकायदा ठरली म्हणून कर्जाचा हप्ता माफ होत नाही. म्हणून कागद तपासायला स्वतःचा वकील हवा. त्याची फी घराच्या किमतीपुढे अगदी किरकोळ असते.

समजा, जुहूच्या जेव्हीपीडी योजनेतल्या एका जुन्या सोसायटीत ४ कोटींचा रीसेल फ्लॅट पसंत पडलाय आणि विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पहिला प्रश्न पैशांचा. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेनं किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे जास्तीत जास्त ३ कोटी कर्ज, १ कोटी पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात किमतीत धरत नाहीत. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे २४ लाख, आणि नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

टोकन देताना एक ओळ लिहून घ्या : कर्ज मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये दोष निघाला, तर टोकन अमुक दिवसांत पूर्ण परत. ही ओळ नसेल तर वाद होतो आणि पैसे अडकून बसतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रेरा कायदा ग्राहकाच्या बाजूनं उभा आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रीसेलला असं संरक्षण नाही. तिथे कागदावर जे लिहिलं तेवढंच तुमचं.

आता टायटल. पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची करारांची साखळी कुठेही तुटता कामा नये. वकील साधारण ३० वर्षांचा सर्च काढतो, दुय्यम निबंधकाकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, पाहतो. जुन्या इमारतींत पहिला करार अगदी थोड्या रकमेच्या स्टॅम्प पेपरवर केलेला सापडतो आणि घेणारा दचकतो. करारनाम्यावर विक्रीइतकं मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं, त्यामुळे त्याआधीच्या कागदाला आजचा नियम लावायचा नाही. साखळीतला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हा मार्ग आहे. तो खर्च आणि धावपळ विकणाऱ्याची.

फ्लॅट आई-वडिलांच्या पश्चात विकला जात असेल तर इथे थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं नॉमिनीचं नाव चढवलं तरी हक्क सगळ्या वारसांचा राहतो. परदेशातल्या बहिणीची सही नसेल, तर तो व्यवहार पूर्ण झाला असं मानूच नका.

जुहूत जमिनीकडे वेगळं पाहावं लागतं. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, कुणाचं नाव आहे ते बघा. जेव्हीपीडीतल्या अनेक जुन्या सोसायट्यांची जमीन भाडेपट्ट्यावरची आहे. भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली, नूतनीकरण झालंय का, फ्लॅट हस्तांतर करताना जमीनमालकाची परवानगी आणि शुल्क लागतं का, लागलं तर ते कुणी भरायचं, हे सगळं करारात यायला हवं. कर्जाच्या मुदतीपेक्षा भाडेपट्टा आधी संपत असेल तर बँकही मागे सरते. जमीन मालकीची असली तरी बिल्डरनं ती सोसायटीच्या नावे करून दिली आहे का ते विचारा. तसं नसेल तर मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे.

जुहूतल्या जुन्या फ्लॅटच्या किमतीत पुनर्विकासाची आशा धरलेली असते. एजंट तोंडभरून सांगतो, ‘दोन वर्षांत टॉवर उभा राहील.’ ते खरं धरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. भूखंड सीआरझेडमध्ये येतो का? १९९१ पासून किनारपट्टीवरच्या बांधकामाला हे नियम आहेत. जुहू विमानतळ इथे १९२८ पासून आहे. त्यामुळे उंचीची मर्यादा किती? आणि इमारत लष्कराच्या वायरलेस केंद्राच्या ५०० यार्डांच्या आत आहे का? १९७६ च्या अधिसूचनेनं तिथे उंची सुमारे १५ मीटरवर अडवलेली आहे आणि त्यामुळे कित्येक सोसायट्यांचा पुनर्विकास रखडला. या तिन्हींची उत्तरं आर्किटेक्टकडून लेखी घ्या. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि मंजूर नकाशाही पाहा. वरळीच्या कॅम्पा कोला सोसायटीत माणसं वर्षानुवर्षं राहत होती, तरी मंजुरीपेक्षा जास्त चढवलेल्या मजल्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये अभय दिलं नाही.

आता विकणाऱ्याचं कर्ज. लोक इथे सर्वात जास्त गोंधळतात, पण क्रम नीट पाळला तर हे अवघड नाही. विकणाऱ्याच्या बँकेकडून दोन पत्रं मागवायची : अमुक तारखेला किती बाकी आहे, आणि कोणकोणते मूळ कागद बँकेकडे जमा आहेत. कर्ज फेडायला म्हणून आपला १ कोटी विकणाऱ्याच्या खिशात टाकू नका. आधी करारनामा नोंदवा, मग त्याच्या कर्जाच्या बाकीचा चेक थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावानं जाऊ द्या. उरलेले पैसे विकणाऱ्याला. मूळ कागद त्याच्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे कोण आणि किती दिवसांत पोचवणार, हे तिघांत लेखी ठरलेलं हवं. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यानं १ टक्का टीडीएस, म्हणजे इथे ४ लाख, विकणाऱ्याच्या रकमेतून कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची असते, बँकेची नाही. विकणारा परदेशस्थ असेल तर टीडीएसचा दर बराच जास्त असतो. तेव्हा सीएला विचारल्याशिवाय पहिला चेकही देऊ नका.

सोसायटीची फी किती? हस्तांतर प्रीमियम मुंबईत कमाल २५,००० रुपये. त्यावर ‘विकास निधी’ किंवा ‘देणगी’ म्हणून लाखांची मागणी झाली तर ती हस्तांतराची अट म्हणून घालण्याचा सोसायटीला अधिकार नाही. बँकेला मात्र सोसायटीचं पत्र लागतं, कारण सोसायटीच्या दप्तरी बँकेचा बोजा नोंदवायचा असतो.

गहाण म्हणजे नेमकं काय? मालकी तुमचीच राहते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मूळ हक्कपत्रं जमा करून गहाण ठेवण्याची पद्धत आहे आणि बहुतेक गृहकर्जं याच पद्धतीनं होतात. बँकेनं त्यासाठी वेगळा दस्त नोंदवला नसेल तर महाराष्ट्रात २०१३ पासून ३० दिवसांच्या आत त्याची सूचना, लोकांच्या भाषेत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, दाखल करणं कर्जदारावर बंधनकारक आहे. चूक झाली तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, म्हणून बँकेचा माणूस ‘आम्ही बघतो’ म्हणाला तरी पावती स्वतः घ्या. आपला बोजा ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत चढवणं हे मात्र बँकेचं काम.

नवरा-बायको दोघं हप्ते भरतात, पण करारनाम्यावर एकाचंच नाव असतं, असं अनेक घरांत दिसतं. सहकर्जदार असल्यानं कुणी मालक होत नाही. कर्जाची जबाबदारी पूर्ण आणि घरावर कागदोपत्री हक्क शून्य, अशी अवस्था कुणाही बाईवर येऊ नये. दुसरं नाव घालायचं तर करारनाम्याच्या वेळीच घाला.

हप्ते थकले तर? ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या काळात लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. नोटीस कपाटात ठेवून देणं हे सगळ्यात वाईट.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेला भाग आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तरलदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंडही नाही. कागद घ्यायला जाताना कर्ज घेतानाची यादी सोबत न्या, एकेक पान जुळवा, आणि बँकेचं पत्र सोसायटीला देऊन तिथली बोजाची नोंदही काढून घ्या.