चाकामागचा लाल रंग

न्यूझीलंडमध्ये समुद्रापासून सुमारे 130 किलोमीटरपेक्षा दूर अशी जागाच नाही. खारा वारा सगळीकडे पोचतो आणि लोखंडाला कुठे ना कुठे गाठतो. गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात, पण अ‍ॅलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून दिसणारा ब्रेकचा कॅलिपर बहुतेक साध्या गाड्यांत ओतीव लोखंडाचाच असतो. काही वर्षांत तो गंजून तांबूस दिसू लागतो. मग एखाद्या शनिवारी घरच्या गॅरेजचे दार वर जाते, जॅक बाहेर निघतो आणि कॅलिपरला रंग चढतो. कुणाचा लाल, कुणाचा पिवळा, तर कुणाचा नुसताच काळा.

या हौसेला तिथे पार्श्वभूमी आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जपानमधल्या वापरलेल्या गाड्या या देशात मोठ्या संख्येने येऊ लागल्या. 1998 मध्ये आयात शुल्क गेले आणि त्याच वर्षी गाड्यांची जुळणी करणारे उरलेसुरले कारखानेही बंद झाले. दुसऱ्याने वापरलेली गाडी घ्यायची आणि ती वर्षानुवर्षे राखायची, ही तिथल्या घराघरातली रीत झाली. शिवाय मेकॅनिकची मजुरी तासावर लागते आणि ती स्वस्त नसते, त्यामुळे जमेल तेवढे काम माणसे स्वतःच करतात. या वृत्तीचे दैवत म्हणजे इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो. 1920 सालची इंडियन स्काउट मोटरसायकल तो आयुष्यभर आपल्या शेडमध्ये सुधारत राहिला, तिचे पिस्टनही त्याने घरीच ओतले. 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने ताशी सुमारे 296 किलोमीटरचा वेग गाठून विक्रम केला.

कॅलिपरचे काम थोडक्यात असे. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो. पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड फिरत्या डिस्कला चिमटीत धरतात. गाडीचा वेग उष्णतेत जिरतो. घाट उतरताना डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि शेजारचा कॅलिपरही चांगलाच गरम होतो. घरातल्या खिडकीचा ऑइलपेंट इथे टिकत नाही, त्याला फोड येतात. म्हणून कॅलिपरसाठी खास उष्णतारोधक रंग मिळतो. असे काही रंग सुमारे 480 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात, असे डब्यावर लिहिलेले असते.

या रंगांची मोहिनी आली ती महागड्या गाड्यांकडून. इटलीत बर्गामोजवळ 1961 मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बो कंपनीचे लाल कॅलिपर म्हणजे वेगवान गाडीची खूण ठरली. याच कंपनीचा दुचाकींचे ब्रेक बनवणारा कारखाना आपल्या पुण्याजवळही आहे. पोर्शने तर रंगालाच अर्थ दिला, सिरॅमिक ब्रेकच्या गाडीला पिवळे कॅलिपर. घरी रंगवलेल्या कॅलिपरला असा कुठलाच अर्थ नसतो. लाल रंगाने गाडी एक वीतही आधी थांबत नाही.

कामाचा बहुतेक वेळ जातो तो तयारीत. गाडी सपाट जागी उभी करायची, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावायचे, चाकाचे नट आधी सैल करून मग जॅक चढवायचा आणि गाडीचा भार पक्क्या स्टँडवर द्यायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ हात घालायचा नाही. चाक काढून तारेच्या ब्रशने गंज काढायचा, ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचे. मग मास्किंग टेप. या कामात रंग कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे जास्त महत्त्वाचे. डिस्क, पॅड, पॅड सरकतात त्या जागा, कॅलिपरच्या सरकत्या पिना, पिस्टनभोवतीचे रबर आणि हवा काढायचा निपल, यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. पिना अडकल्या तर एकच पॅड झिजतो आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, एक जाड हात नको. सांडलेले ब्रेक ऑइल ताज्या रंगाला खाऊन टाकते, तेही सांभाळायचे. शेवटी चाक बसवून नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळायचे आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासायचे.

दोन धोके डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला धुळीचा. न्यूझीलंडने अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त वस्तूंची आयात 2016 मध्ये थांबवली, पण जुन्या गाडीच्या पॅडमध्ये ते असू शकते. म्हणून ब्रेकची धूळ फुंकायची किंवा कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. दुसरा धोका पाण्याचा. ऑकलंडच्या बऱ्याच भागांत रस्त्याकडेच्या गटारातले पावसाचे पाणी प्रक्रिया न होता ओढ्यांत आणि खाडीत जाते, आणि पॅडमधून झिजलेले तांबे हे तिथल्या प्रदूषणाचे ओळखीचे कारण आहे. त्यामुळे धुलाईचे पाणी गटारात सोडणे तिथे चालत नाही.

1937 पासून त्या देशात वॉरंट ऑफ फिटनेस ही तपासणी आहे. ब्रेक, टायर, दिवे आणि गंज पाहिल्याशिवाय गाडी उत्तीर्ण होत नाही. तपासनीस पाहतो ते ब्रेकची स्थिती, कॅलिपरचा रंग कुठला हे नव्हे. गळती किंवा खोल गंज रंगाखाली झाकणारा स्वतःलाच फसवतो.

ब्रेक चाकाच्या आड असतो आणि वर्षानुवर्षे कुणी त्याकडे वाकून पाहत नाही. रंगाच्या निमित्ताने मालक चाक काढतो, यातच या हौसेची किंमत वसूल होते. कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडी वापरणाऱ्यांनाही हे करता येईल. मात्र चाक काढल्यावर पॅड तीन मिलिमीटरहून पातळ दिसला, रबर फाटलेले किंवा कॅलिपर ओला दिसला, तर रंगाचा डबा बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.