लाल पॉपी: रक्तावर नव्हे, उकरलेल्या मातीवर

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दर नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश नेत्यांच्या कोटावर दिसणारे कागदी लाल फूल अफूचे, असा समज दूरवर पसरलेला आहे. २०१० मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून चीनला गेले, तेव्हा अफूयुद्धांची आठवण नको म्हणून ते काढून ठेवण्याची सूचना त्यांना झाल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी ते काढले नाही. अफू आणि आपली खसखस देणारी वनस्पती पापाव्हर सोम्निफेरम. कोटावरची पॉपी पापाव्हर ऱ्हीअस. कूळ एक, पण या रानपॉपीच्या बोंडातून अफू निघत नाही. युरोपातल्या गव्हाच्या शेतांतले ते जुने तण आहे.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे: पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या रक्तावर ही फुले उगवली. इतिहासकार मेकॉलेने तर १६९३ च्या लांदेनच्या लढाईनंतर फुललेल्या पॉपींचे श्रेय मृतदेहांच्या खताला दिले. युद्धानंतर पॉपी बहरतात, हे निरीक्षण खरेच आहे. कारण मात्र वेगळे. पॉपीचे बारीक बी जमिनीत अनेक दशके निपचित पडून राहते आणि माती उलथून उजेड मिळाला की रुजते. बेल्जियममधल्या ईपरभोवतीची जमीन तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी उकरली गेली, वरचे गवत नष्ट झाले, म्हणून पॉपीला मोकळे रान मिळाले. खत हेच कारण असते, तर रस्त्यासाठी नुकत्याच खोदलेल्या, कुणीही न मेलेल्या बांधावर ती फुलली नसती. तिथेही ती फुलते.

मग हे प्रतीक खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. मे १९१५ मध्ये ईपरजवळ कॅनडाचे डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी कबरींमधल्या पॉपींवर कविता लिहिली, ती डोळ्यांना दिसत होते त्यावरच. त्याआधीच्या महिन्यात तिथे लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिकही लढले होते. ईपरच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर भारतीयांची नावे आहेत. आक्षेप घ्यायचाच, तर तो त्या कवितेच्या शेवटी लढाई पुढे नेण्याचे जे आवाहन आहे त्यावर घ्यावा. १९२१ पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांसाठी लाल पॉपी विकली जाऊ लागली, आणि १९३३ मध्ये तिथल्याच सहकारी चळवळीतल्या स्त्रियांनी शांततेसाठी पांढरी पॉपी पुढे आणली. युद्धाचा गौरव नको, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते.