बैठ्या खेळांची पेटी

बैठ्या खेळांची पेटी म्हणजे पट, सोंगट्या, कवड्या, फासे, पाने इत्यादी खेळसाहित्य एकत्र व सुरक्षित ठेवण्याचे साधन होय. खेळ संपल्यावर प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बसली की साहित्य पूर्ण असल्याची खात्रीही पेटीच करून देते. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांपैकी एक पान हरवले, तरी उरलेल्या ११९ पानांनी नियमाप्रमाणे डाव मांडता येत नाही. पेटीचा आकार आतील साहित्यावरून ठरतो असा सर्वसाधारण समज आहे. हाताने घडवलेल्या खेळांबाबत तो बराचसा खरा आहे. कारखान्यात छापल्या जाणाऱ्या खेळांबाबत मात्र अनेकदा पेटीचे माप आधी ठरते आणि साहित्य त्या मापात बसवले जाते.

कापडी पट

सारीपाटाला स्वतंत्र पेटीची गरज फारशी भासत नसे. त्याच्या पटाला चार भुजा असतात. प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरे, आणि चारही भुजा मिळून ९६ घरे होतात. घराची बाजू एक एकक धरली, तर मधल्या चौकासह पटाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी १९ एकके भरते. लाकडाचा एवढा पट प्रवासात नेणे अवघड होते. कापडी पटाच्या भुजा मात्र आत दुमडून १६ सोंगट्या व कवड्या मधोमध ठेवता येतात आणि पटाचेच गाठोडे बांधता येते. येथे पट हाच पेटीचे काम करतो. मोक्षपटही कापडावर रंगवलेले आढळतात.

बुद्धिबळाच्या बिजागरीच्या पेटीत याउलट पेटीच पटाचे काम करते. तिच्या दोन्ही अर्ध्या भागांवर पट रंगवलेला असतो व मिटल्यावर ३२ मोहरी आत राहतात. मोहरी आडवी ठेवली जात असल्याने अशा पेटीची खोली राजाच्या उंचीवर अवलंबून नसते, तर त्याच्या बैठकीच्या व्यासावर अवलंबून असते.

सावंतवाडीची गंजिफा

महाराष्ट्रातील खेळांच्या पेट्यांमध्ये सावंतवाडीच्या गंजिफाची पेटी सर्वाधिक परिचित आहे. गंजिफा हा गोल पानांचा खेळ असून भारतात तो मोगलांच्या काळात रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल पद्धतीच्या जोडात ८ रंगांची ९६ पाने असतात. दशावतारी जोडात मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने असतात. तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत (१७५५–१८०३) ही कला सावंतवाडीत आली असे सांगितले जाते. ती चितारी कारागिरांनी जोपासली.

ही पाने सरकत्या झाकणाच्या, रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवली जातात. गोल पान चौकोनी खणात ठेवल्यास खणाच्या क्षेत्रफळाचा सुमारे ७८.५ टक्के भाग व्यापला जातो व चार कोपरे रिकामे राहतात. ही जागा वाया गेली असे म्हणता येणार नाही. बोटे आत घालून पानांची चवड उचलता येते ती या कोपऱ्यांमुळेच. खरी अडचण असते ती उंचीची. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यावर रंग व लाखेचा लेप दिला जात असल्याने सर्व पानांची जाडी तंतोतंत सारखी नसते. १२० पानांच्या चार चवडी केल्या, तर प्रत्येकीत ३० पाने येतात. प्रत्येक पान केवळ ०.१ मिलिमीटरने जाड झाले, तरी चवडीची उंची ३ मिलिमीटरने वाढते. मग सरकते झाकण वरच्या पानाच्या रंगाला घासू लागते. त्यात कोकणातील दमट हवेत लाखेचे थर एकमेकांना चिकटण्याचीही शक्यता असते. त्यामुळे पेटीत थोडी मोकळीक ठेवावी लागते. मात्र ती इतकीही नसावी की पाने आत हिंदकळून कडा झिजतील.

विसाव्या शतकात छापील पत्त्यांच्या प्रसारामुळे ही कला लोप पावण्याच्या बेतात होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. कला वाचली, पण खेळ तितकासा वाचला नाही. गंजिफाचा जोड आज बहुतेकदा शोभेची वस्तू म्हणून घेतला जातो. अशा पेटीला रोजची उघडझाप सोसावी लागत नाही आणि तिच्यावरील दशावतारांची चित्रे हेच तिचे मुख्य आकर्षण ठरते.

कॅरमच्या फळीला पेटी नसते, ती भिंतीला टेकवून ठेवतात. पेटी लागते ती सोंगट्यांना. ३.१८ सेंटिमीटरपर्यंत व्यासाच्या १९ सोंगट्या खेळाच्या सुरुवातीला १, ६ व १२ अशा वेढ्यांत मांडतात आणि त्या सुमारे १६ सेंटिमीटर व्यासात मावतात. पेटीत त्या एकावर एक रचल्याने बरीच कमी जागा लागते.

छापील खेळांच्या पेट्या

आधुनिक खेळांमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर बाजूची चौरस पेटी रूढ आहे. चार घड्यांचा पुठ्ठ्याचा पट तिच्यात बसतो आणि दुकानाच्या फळीवर मुखचित्र ठळक दिसते. पत्ते व लाकडी तुकडे कमी असले, तरी पेटी सहसा लहान होत नाही. उरलेली जागा पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या साच्याने भरली जाते. साचा कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या साहित्याच्या मापाचा असतो. पत्त्यांना संरक्षक प्लॅस्टिक आवरणे घातली आणि प्रत्येक पत्त्याची जाडी ०.१ मिलिमीटरने वाढली, तर १०० पत्त्यांची चवड एक सेंटिमीटरने उंच होते व खणात मावत नाही. पेटी कपाटात उभी ठेवल्यास उथळ खणांतील तुकडे बाहेर पडून एकमेकांत मिसळतात. यामुळे अनेक खेळाडू साचा काढून टाकतात व लहान पिशव्या वापरतात.

रिकाम्या जागेची किंमत वाहतुकीतही मोजावी लागते. वाघोलीसारख्या पुणे–नगर मार्गावरील गोदामांच्या परिसरातून माल पाठवताना प्रत्यक्ष वजनाइतकेच आकारमानालाही महत्त्व असते. घन सेंटिमीटरमधील आकारमानाला ५,००० ने भागून किलोग्रॅममधील वजन ठरवण्याची पद्धत कुरिअर व्यवसायात प्रचलित आहे. त्यानुसार ३० × ३० × ७ सेंटिमीटरची पेटी आत काहीही असले तरी १.२६ किलोग्रॅमची धरली जाते. तेच साहित्य २० × १५ × ५ सेंटिमीटरच्या पेटीत मावले, तर आकारमानी वजन ०.३ किलोग्रॅम भरते आणि शुल्क प्रत्यक्ष वजनावर आकारले जाते.