हँडल अडखळते? पावसाळ्यापूर्वी 'कोनसेट' तपासा

सिंधुदुर्गनगरी - मोटारसायकलची सर्व्हिसिंग म्हणजे इंजिन ऑइल बदलणे, साखळीला वंगण देणे आणि ब्रेक आवळणे, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र हँडल ज्याच्या आधारे फिरते, ते बेअरिंग या नित्याच्या कामांतून अनेकदा सुटते. गॅरेजच्या भाषेत त्याला 'कोनसेट' म्हणतात. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ या भागांतून ओरोस येथील जिल्हा मुख्यालयाकडे दुचाकीने ये-जा करणाऱ्यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. किनाऱ्यावरील खारी हवा आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस या दोहोंमुळे येथे ग्रीस लवकर निकामी होते.

बिघाड होतो कसा?
चेसिसच्या पुढील नळीत वर आणि खाली अशी दोन बेअरिंग असतात. बहुतेक गाड्यांत पोलादी वाट्यांमध्ये छर्रे बसवलेले असतात. काही गाड्यांत निमुळते रोलर असतात. चाकाचे बेअरिंग सतत फिरत असल्याने त्यातील ग्रीस सर्वत्र पसरत राहते. हँडल मात्र बहुतांश वेळ सरळच असते. त्यामुळे खड्ड्यांचे हादरे वाटीतील ठराविक जागांवरच बसतात. तेथील ग्रीस बाजूला सारले जाते आणि छर्ऱ्यांमुळे वाटीत बारीक खळगे पडतात. खालच्या बेअरिंगवर भार अधिक असतो आणि पुढच्या चाकाने उडवलेले पाणी व चिखलही प्रथम तेथेच पोचतो. पाणी शिरले की गंज धरतो.

लक्षणे कोणती?
हँडल मध्यभागी किंचित अडकल्यासारखे वाटणे, पुढचा ब्रेक दाबताच 'टक्' असा आवाज येणे आणि कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे झुलणे, ही प्रमुख लक्षणे होत. दुचाकीचा तोल हँडलच्या सततच्या सूक्ष्म हालचालींवर राखला जातो. त्यामुळे आंबोली किंवा फोंडा घाटातील ओल्या वळणावर हँडल अडखळल्यास अपघाताचा धोका संभवतो.

घरीही तपासणी शक्य
गाडी मेन स्टँडवर उभी करून पुढचे चाक अधांतरी ठेवावे. त्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने गाडी मागून दाबून धरावी. हँडल हलकेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते कोठेही न अडता फिरले पाहिजे. त्यानंतर पुढच्या फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढावीत. खडखड जाणवल्यास बेअरिंग सैल झाले असण्याची शक्यता असते.

ग्रीसिंग नेमके कोणते?
बऱ्याच गाड्यांत या बेअरिंगला बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नसते. त्यासाठी पुढचे चाक, फोर्क आणि हँडल उतरवावे लागते. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ग्रीसिंग' लिहिलेले असले, तरी त्यात कोनसेट उघडला होता का, हे विचारून घ्यावे. जुने ग्रीस डिझेलने धुऊन भाग कोरडे करावेत आणि वाट्यांवर खळगे किंवा गंज नाही, याची खात्री करून पाण्यात टिकणारे चांगल्या प्रतीचे ग्रीस भरावे. खळगे पडले असल्यास केवळ छर्रे बदलणे किंवा वरचा नट आवळणे हा उपाय नव्हे. वाट्यांसह पूर्ण संच बदलावा लागतो. नट अति आवळल्यास हँडल जड होते आणि बेअरिंग लवकर झिजते.

कधी करावे?
कंपनीच्या पुस्तिकेत तपासणीसाठी किलोमीटरची मर्यादा दिलेली असते. कोकणात मात्र केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. गाडी कमी चालली, तरी पाणी आणि क्षार आपले काम करतातच. म्हणून मे महिन्यात, मृगाच्या सरी येण्यापूर्वी कोनसेट तपासून घ्यावा आणि पाऊस ओसरल्यावर हँडलची वरील चाचणी पुन्हा करावी. गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत हँडलखालील सांध्यावर थेट मारू नये. नवा संच बसविल्यास काही शे किलोमीटरनंतर तो आपल्या जागी बसतो. त्या वेळी नटाचा ताण पुन्हा तपासून घेणे आवश्यक असते.